स्वमग्न लेकरांचे काय? चळवळीने उत्तर द्यावे

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या वस्त्यावस्त्यांमधून गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्काराचे कार्यक्रम सुरू होतात. विहारात सतरंज्या अंथरल्या जातात, बाबासाहेबांच्या आणि तथागतांच्या प्रतिमेला पुष्पहार अर्पण होतो, पाहुण्यांची भाषणे होतात, मुलांना वही-पेन, प्रमाणपत्र आणि टाळ्या मिळतात. हे व्हायलाच हवे. ज्या समाजाला हजारो वर्षे अक्षर नाकारले गेले, त्याने आपल्या लेकरांच्या टक्क्यांचा उत्सव का करू नये?

अशाच एका सत्काराला काही वर्षांपूर्वी मी पाहुणा म्हणून गेलो होतो. शिक्षणावर तासभर बोललो. कार्यक्रम संपला, लोक चहाला उठले आणि मागच्या भिंतीला टेकून बसलेली एक बाई पुढे आली. धुणीभांडी करणारी. नवरा महापालिकेत सफाई कामगार. म्हणाली, "सर, हुशार लेकरांचं समदं सांगितलंत. माझ्या लेकराचं काय?"

तिचा मुलगा दाराशी होता. वय सतरा, ओठावर मिशी फुटलेली. आलेल्या लोकांच्या चपलांचा ढीग तो जोडी जोडीने लावत होता. कुणी हाक मारली तर वळून बघत नव्हता. आईने सांगितले, "याला त्रिसरण-पंचशील पाठ आहे, बावीस प्रतिज्ञा पाठ आहेत, लोकलची सगळी स्टेशनं पाठ आहेत. पण आंघोळ मीच घालते. पॅन्टचं बटण मीच लावते. आता तो बाप्या झाला, सर. मी किती दिवस घालू आंघोळ? आणि मी गेल्यावर कोण घालंल?"

तासभर शिक्षणावर बोललेल्या माझ्याकडे त्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. आज हा लेख त्या प्रश्नासाठी लिहीत आहे. कारण असा मुलगा त्या एकाच वस्तीत नाही. आपल्या प्रत्येक वस्तीत आहे. फक्त तो सत्काराच्या यादीत नसतो, म्हणून आपल्या नजरेतही नसतो.

या अवस्थेला मराठीत स्वमग्नता म्हणतात, इंग्रजी नाव ऑटिझम. अमेरिकेत लिओ कॅनर नावाच्या डॉक्टरने १९४३ साली ११ मुलांचा अभ्यास करून तिचे पहिले सविस्तर वर्णन केले. हे वेड नव्हे, कुणाची बाधा नव्हे, आणि औषध घेऊन बरा होणारा तापही नव्हे. मेंदूची जडणघडणच लहानपणापासून वेगळ्या वाटेने झालेली असते. कुणी अजिबात बोलत नाही, कुणी ऐकलेले वाक्य जसेच्या तसे परत म्हणतो, कुणी पदवीपर्यंत शिकतो पण समोरच्याच्या मनातले ओळखू शकत नाही. ठरलेल्या क्रमात बदल झाला की यांचा जीव कासावीस होतो. मिक्सरचा आवाज, गर्दीचा धक्का, शर्टाच्या कॉलरचा स्पर्श आपल्याला जाणवतही नाही, त्यांना तो सहन होत नाही.

एकेकाळी पाश्चात्त्य देशांतही मोठमोठ्या पंडितांनी याचे खापर आईच्या माथी फोडले. आई थंड काळजाची, तिने माया केली नाही म्हणून मूल असे झाले, असा सिद्धांत मांडला गेला. पुढे तो साफ खोटा ठरला. आपल्याकडे तेच खापर वेगळ्या भाषेत फुटते. मागच्या जन्मीचे पाप, कुणाची नजर, कुलदैवताचा कोप. मग भगत, बाबा, दर्गा, लिंबू, गंडा. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातली माणसेसुद्धा लेकराच्या मायेपोटी रात्रीच्या अंधारात देवर्षाकडे जातात, हे आपण झाकून ठेवू नये. पूर्वजन्मीच्या कर्मावर आजची दुःखे लादणारा सिद्धांत हा बुद्धाचा नव्हे, हे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात आपल्याला समजावून दिले. आणि शहरात आता कोट-टाय घातलेले भगतही निघाले आहेत. स्टेम सेलच्या नावाने लाखो रुपये घेऊन 'मुलगा नॉर्मल करून देतो' म्हणणारे. त्यामागे शास्त्राचा पुरावा नाही. घर गहाण टाकून त्यांच्या दारात उभे राहू नका.

आता कुणी म्हणेल, हा तर आजाराचा, घरगुती दुःखाचा विषय. यात चळवळीचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो फार जुना आहे. मनुस्मृतीचा नववा अध्याय काढून पाहा. २०१ व्या श्लोकात वारसा हक्कातून कुणाकुणाला वगळले आहे? नपुंसक, पतित, जन्मांध, बहिरा, वेडा, मूढ, मुका आणि इंद्रियहीन. पुढच्याच श्लोकात मनू मोठे मन दाखवतो आणि सांगतो की यांना यथाशक्ती अन्नवस्त्र द्यावे. म्हणजे पोटाला घाला, पण वाटा देऊ नका. दया करा, पण हक्क मानू नका. शूद्रातिशूद्रांना आणि स्त्रियांना ज्या लेखणीने बाहेर ठेवले, त्याच लेखणीने या लेकरांनाही बाहेर ठेवले. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली जे जाळले गेले, त्यात हे श्लोकही होते.

इंग्रजी राजवटीत १९२८ साली कायदा झाला आणि आंधळ्या, बहिऱ्या, मुक्या माणसांना वारसा खुला झाला. पण जन्मतः वेडा किंवा मूढ समजला जाणारा त्यातूनही वगळलेलाच राहिला. बुद्धीने वेगळी असलेली लेकरे सगळ्यांत शेवटी! बाबासाहेब ज्या हिंदू कोड बिलासाठी झगडले आणि ज्याच्या कोंडीमुळे त्यांनी १९५१ साली मंत्रिपदावर लाथ मारली, त्याचेच तुकडे पुढे कायदे झाले. त्यातल्या १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २८ ने स्पष्ट केले की रोग, दोष किंवा व्यंग या कारणाने कुणीही वारसा हक्कास अपात्र ठरणार नाही. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. तेव्हा ज्या घरात भावकी म्हणते की 'त्या येड्याला कशाला हिस्सा?', त्या घरात अजून मनूचेच राज्य चालू आहे.

स्वातंत्र्यानंतरही या मुलांना कायद्याच्या कागदावर येण्यास फार वेळ लागला. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते, स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तिचे नाव पहिल्यांदा आले. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकारांत ती आली. या कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे ४० टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. कलम ३४ प्रमाणे सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण आहे, त्यातला १ टक्का स्वमग्न, बौद्धिक दिव्यांग, अध्ययन अक्षम, मानसिक आजारी आणि बहुविकलांग या सगळ्यांत मिळून. कलम ९२ प्रमाणे अशा व्यक्तीचा चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान करणाऱ्याला सहा महिने ते पाच वर्षे कैद आहे. ॲट्रॉसिटी कायदा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या कलमाची भाषा ओळखीची वाटेल.

'दिव्यांग' या शब्दाबद्दलही दोन शब्द. गोड नाव दिले की प्रश्न सुटतो, हा अनुभव आपण घेतला आहे. 'हरिजन' या नावाला विरोध करीत बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने १९३८ साली मुंबई विधिमंडळात सभात्याग केला होता. अंगात दिव्यत्व आहे म्हणायचे आणि शाळेत प्रवेश द्यायचा नाही, हा तोच जुना खेळ होय. आम्हाला दिव्यत्व नको, हक्क हवा.

पण कायद्यातला हक्क १८ व्या वर्षी येऊन थबकतो. शाळा संपते आणि मुलगा घरी बसतो. त्या सतरा वर्षांच्या मुलाची आई जे विचारत होती, ते हेच होते. शाळेने त्याला अक्षरे गिरवायला लावली, रंग भरायला लावले, कविता म्हणायला लावल्या. आंघोळ, जेवण, कपडे, पैसा, रस्ता, परका माणूस, स्वतःचे शरीर यांचे शिक्षण कुणी दिलेच नाही. माणूस म्हणून जगायला जे लागते त्याला आपण शिक्षणच मानत नाही.

इथे धम्मातली एक गोष्ट आठवते. चुल्लपंथक नावाचा भिक्खू होता. चार महिने झाले तरी त्याला एक गाथा पाठ होईना. सख्ख्या मोठ्या भावाने, जो स्वतः भिक्खू होता, त्याला संघातून निघून जायला सांगितले. तथागतांनी त्याला थांबवले. गाथा दिली नाही. पांढऱ्या कापडाचा एक तुकडा दिला आणि तो हाताने चोळत राहायला सांगितले. कापड मळत गेले आणि पाठांतराने जे कळले नाही ते चुल्लपंथकाला हातातल्या कामातून कळले. परंपरेने सांगितलेली ही कथा शिक्षकांनी लक्षात ठेवावी. शिकणारा चुकीचा नव्हता, शिकवण्याची रीत चुकीची होती. आपल्या वस्तीतल्या त्या मुलाचे उलटे झाले होते. त्याला सगळे पाठ होते, पण हातात कापड कुणी दिले नव्हते.

हे शिकवता येते. त्याला मोठी इमारत लागत नाही. १९७२ साली अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात एरिक शॉपलर यांनी या मुलांसाठी जो शिक्षणक्रम उभा केला, त्याने आईबापांना आरोपी न मानता सहशिक्षक मानले. मूल डोळ्यांनी चांगले शिकते, तर त्याला डोळ्यांनी शिकवा, हा त्याचा गाभा. आज घराघरांत मोबाईल आहे. सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय करायचे याचे फोटो घरातल्याच वस्तूंचे काढा. ब्रश, बादली, कपडे, ताट, पिशवी. ते क्रमाने भिंतीवर लावा. पुढे काय होणार हे समजले की या मुलांची निम्मी भीती जाते.

कोणतेही काम छोट्या तुकड्यांत मोडा. आंघोळ हे एक काम नाही. बादली भरणे, कपडे काढणे, तांब्याने पाणी घेणे, साबण लावणे, साबण जाईपर्यंत पाणी घेणे, अंग पुसणे, कपडे घालणे अशी ती डझनभर कामे आहेत. पुष्कळदा शेवटापासून शिकवणे सोपे जाते. आधीचे सगळे आईने करावे, अंग पुसणे तेवढे मुलाने. ते जमले की साबण धुणे आणि अंग पुसणे. असे एक एक पाऊल मागे यावे. म्हणजे प्रत्येक दिवशी काम पूर्ण करण्याचा मान त्याचा असतो. हाताला धरून, मग नुसते बोट दाखवून, मग फोटो दाखवून, मग काहीच न करता, अशी मदत कमी करीत न्यावी. मदत कमी करणे हेच खरे कठीण काम आहे, कारण आईचा हात आपोआप पुढे जातो.

जिथे जगायचे आहे तिथेच शिकवावे. या मुलांना वर्गात शिकलेले बाजारात वापरता येईलच असे नाही. शाळेतल्या प्लास्टिकच्या नाण्यांवर हिशेब येतो आणि वाण्याच्या दुकानात दहाची नोट द्यायचे कळत नाही. म्हणून खरी नोट, खरे दुकान, खरी एसटी. आपल्या वस्तीत दहा बाय दहाची खोली, सार्वजनिक नळ आणि सार्वजनिक संडास असतो. तर नळावर रांगेत उभे राहणे, संडासाची कडी लावणे, डबा भरून नेणे, उघड्यावर कपडे न काढणे हेच त्याचे पहिले धडे. बंगल्यातल्या मुलांसाठी लिहिलेली पुस्तके हे शिकवणार नाहीत. ते आपल्यालाच लिहावे लागेल.

आणि 'नाही' म्हणायला शिकवा. या मुलांना आयुष्यभर फक्त ऐकायला शिकवले जाते. जो सगळ्यांचे ऐकतो, त्याचा कुणीही गैरफायदा घेतो. बोलता येत नसेल तर हाताने, चित्राच्या कार्डाने, मोबाईलवर टाईप करून, पण नकार देता आला पाहिजे. कोणता स्पर्श चालेल, कोणता नाही, कोणते काम बंद दाराआड करायचे, हे वयात येण्यापूर्वीच सांगितले पाहिजे. मुलींच्या बाबतीत तर हा जिवाचा प्रश्न आहे. १९९४ साली पुण्यात, शिरूरच्या शासकीय वसतिगृहातील बौद्धिक दिव्यांग मुलींची गर्भाशये शस्त्रक्रियेने काढण्यात आली. कारण काय, तर त्यांना पाळीची स्वच्छता ठेवता येत नाही. स्त्री संघटनांनी त्यावर राज्यभर आवाज उठवला. शिकवण्याचे कष्ट नको म्हणून सुरी वापरली गेली. घडी केलेला कपडा किंवा पॅड, लाल रंग लावून केलेला सराव, कॅलेंडरवरची खूण आणि काही महिन्यांचा धीर यांनी पुष्कळ मुली हे शिकू शकतात.

आता एक टोचणारा मुद्दा. या मुलांना काम शिकवायचे म्हटले की पणत्या रंगवणे, अगरबत्ती, कागदी पिशव्या आणि झाडू यांच्यापुढे आपली कल्पना जात नाही. त्यातही श्रीमंताच्या स्वमग्न मुलाच्या हाती संगणक येतो आणि आपल्या मुलाच्या हाती झाडू. 'याचे वडील सफाईत आहेत, हाही तेच करेल' असे कुणी बोलले तर ते प्रशिक्षण नव्हे, ती जात आहे. जातिव्यवस्था ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी सांगून ठेवले. स्वतःचे घर झाडणे, स्वतःचे ताट धुणे हे प्रत्येक माणसाने, प्रत्येक जातीच्या मुलाने आणि मुलीने शिकावे. पण पोटाचे काम मुलाची आवड आणि ताकद पाहून ठरले पाहिजे. चपलांचा ढीग जोडीने लावणारा मुलगा गोदामात माल लावू शकतो, ग्रंथालयात पुस्तके क्रमाने ठेवू शकतो, औषधांच्या दुकानात खोकी तपासू शकतो. त्याच्या वेगळेपणात जे कौशल्य आहे ते पाहणारा डोळा हवा.

चळवळीने काय करावे? पहिली गोष्ट, मोजावे. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले, पण स्वमग्नतेचा वेगळा रकानाच नव्हता. ज्याची मोजणी नाही त्याचा वाटा नाही, हे ओबीसींच्या प्रश्नात आपण अनेक वर्षे ओरडून सांगत आलो. तीच मागणी या लेकरांसाठी करावी. शासनाची वाट न पाहता प्रत्येक शाखेने आपल्या वस्तीची यादी करावी. लाजेने दाराआड ठेवलेली मुले त्या यादीत आली पाहिजेत.

दुसरी गोष्ट, कागद. 'आयसा' नावाच्या ४० प्रश्नांच्या भारतीय मापनपट्टीवर तपासणी करून सरकारी रुग्णालयातून स्वमग्नतेचे प्रमाणपत्र मिळते, त्यावर यूडीआयडी म्हणजे स्वावलंबन कार्ड निघते. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण आहे. मूल १८ वर्षांचे झाल्यावर कायदेशीर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करता येतो. जुन्या निवृत्तिवेतन नियमांत असलेल्या सरकारी नोकरांनी, आणि आपल्यात रेल्वे, पोस्ट, शिक्षण खात्यातले ते पुष्कळ आहेत, कमाई करू न शकणाऱ्या दिव्यांग मुलाचे नाव कार्यालयात नोंदवून ठेवावे. आईबापांच्या पश्चात अशा मुलाला कुटुंब निवृत्तिवेतन आजीवन मिळू शकते. एका अर्जाअभावी हे बुडता कामा नये.

तिसरी गोष्ट, विहार. आपल्या विहाराची खोली आठवड्यातले बरेच तास कुलूपबंद असते. रविवारचे दोन तास या मुलांना द्या. निवृत्त शिक्षक, समता सैनिक दलाचे तरुण, महिला मंडळाच्या भगिनी यांनी विशेष शिक्षकाला बोलावून आधी स्वतः शिकावे. चहा करणे, भाजी आणणे, बसचे तिकीट काढणे इथून सुरुवात करावी. आया एकमेकींना भेटतील, हेच अर्धे औषध आहे. आणि भीमजयंतीच्या मिरवणुकीचे काय? डीजेच्या भिंती जेव्हा वस्तीतून जातात तेव्हा ही मुले कानांवर हात ठेवून पलंगाखाली शिरतात. बाबासाहेबांची जयंती त्यांचीही आहे. निदान तासभर डीजे बंद ठेवून, निळा झेंडा हाती घेऊन त्यांना मिरवणुकीत चालू द्यावे. बाबासाहेबांना याने कमीपणा येणार नाही.

चौथी गोष्ट, आपले उद्योजक, आपले डॉक्टर, आपले अधिकारी. समाजाच्या बळावर वर आलेल्यांनी आपल्या दुकानात, दवाखान्यात, कारखान्यात एका तरी अशा तरुणाला काम द्यावे. दान म्हणून देऊ नये. काम शिकवून, कामाचे दाम द्यावे.

त्या आईची आणि माझी पुढेही गाठ पडत राहिली. वस्तीतल्या एका निवृत्त विशेष शिक्षिकेने तिला शेवटच्या पायरीपासून शिकवण्याची रीत दाखवली. अंग पुसण्यापासून सुरुवात झाली. दीड वर्ष लागले. अजूनही साबण कधी कधी राहतो, आणि आंघोळीला तो पाऊण तास घेतो, म्हणून नळाच्या वेळेवरून शेजारणीशी भांडण होते. पण कडी आतून लावलेली असते आणि आई बाहेर उभी असते. ती मला म्हणाली, "सर, आता त्यो मला दाराच्या आत येऊ देत नाही. 'नाही' म्हणतो." हे सांगताना ती हसत होती.

ज्याला हजारो वर्षे 'नाही' म्हणण्याचा अधिकार नव्हता, त्या समाजाला या एका शब्दाची किंमत कुणी सांगायला नको. पुढच्या वर्षी विहारात सत्काराची यादी कराल, तेव्हा नव्वद टक्के मिळवणाऱ्या लेकराच्या शेजारी या मुलाचेही नाव लिहा. त्याने मिळवलेले गुण कोणत्याही गुणपत्रिकेत नाहीत. मात्र ते स्वावलंबनाचे आहेत, आणि स्वावलंबनातूनच स्वाभिमान येतो, हे आपल्याला बाबासाहेबांनी शिकवले आहे.

जय भीम!